काही अभ्यासक

४ ऑगस्ट, सोमवार

ऑनलाइन कोर्स संपला. ग्रंथमितीचं प्रमाणपत्र मेलवर आलं. त्यावर 'हर्षद मांडवकर' हे नाव काना-मात्रेसकट बरोबर छापलंय, म्हणजे कोर्स दर्जेदार असणार. शेवटच्या दिवशी बजावून सांगितलं होतं की संशोधकाने रोजच्या रोज टिपण ठेवावं. मला आजवर कुणी संशोधक म्हटलं नव्हतं, तेव्हा ठेवतो.

ग्रंथमिती म्हणजे काय, ते उझमाला समजावून सांगितलं. उझमा सोलकर आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या आधीपासून आहे आणि पगार सोडून सगळ्यात माझ्या पुढे आहे. मी म्हटलं, कुठल्या लेखकाचं नाव घेऊन किती जणांनी त्याचा संदर्भ दिलाय, ते मोजायचं. ज्याचं नाव जास्त, तो महत्त्वाचा.

"आणि ज्याचं कोण नावच घेत नाय?"

"तो कमी उपयुक्त."

"म्हंजे गेलाच की तो," असं म्हणून ती स्टॅम्प मारायला निघून गेली.

काम संस्थेचे सचिव सर्वेश नागवेकर यांनी दिलंय. वरच्या मजल्यावरच्या कोकण कक्षाच्या जागी त्यांना स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका करायची आहे. मुलं जिन्यात बसून अभ्यास करतात, हे खरंच आहे. ते मला म्हणाले, "हर्षद, भावना नकोत, आकडे दे. त्या पुस्तकांचा संदर्भ कोणी देत असेल तर कक्ष राहील. नसेल तर पुस्तकं बाद." माणूस सरळ आहे. माझी नेमणूक तात्पुरती आहे, याचीही त्यांनी जाता जाता आठवण करून दिली.

६ ऑगस्ट, बुधवार

कोकण कक्षाची पाहणी केली. कपाटं भरपूर, पंखा एक, माणसं दोन.

लांबलचक टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला प्रा. गुलाम रसूल होडेकर बसतात. आमच्याच मराठी विभागाचे निवृत्त प्रमुख, राहायला मिरकरवाड्यात, मासळीच्या बंदरालगत. खलाशी होड्या ओढताना गाणी म्हणत, त्यांवर त्यांची मोठमोठी पुस्तकं आहेत. दाराकडच्या टोकाला आप्पा दुर्गवळी बसतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, रोज एसटीने मालगुंडहून येतात. त्यांची पुस्तकं भातलावणीच्या गाण्यांवर. दोघांनी आपापला संग्रह कॉलेजला देऊन टाकला आणि आता तोच वाचायला इथे येतात. याला काय म्हणायचं ते कोर्समध्ये शिकवलं नाही.

दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. आप्पांना तिसऱ्या कपाटाची किल्ली हवी होती, ती होडेकर सरांच्या कोपराशी पडलेली. आप्पांनी खालून उझमाला बोलावलं. ती जिना चढून आली, किल्ली उचलली, आप्पांना दिली आणि परत खाली गेली. हे तिघांनाही नेहमीचं दिसलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

उझमाने स्कॅन केलेले सगळे प्रबंध, पुस्तकं आणि आमच्या त्रैमासिकाचे जुने अंक सॉफ्टवेअरमध्ये भरले. निष्कर्ष फार उद्बोधक आहेत.

मराठीच्या पीएच.डी. प्रबंधांत सर्वांत जास्त संदर्भ मार्गदर्शकाच्या पुस्तकाचे आहेत. ते पुस्तक चांगलं आहे की नाही कळायला मार्ग नाही, कारण ग्रंथालयातल्या प्रतीची पानं अजून फोडलेलीच नाहीत. एका प्रबंधात ऋणनिर्देश संदर्भसूचीपेक्षा लांब आहे. त्यात पत्नी, सासरे, झेरॉक्सवाला आणि ग्रामदैवत यांचे आभार आहेत. सॉफ्टवेअरने ग्रामदैवताला सहलेखक धरलंय. ते हाताने काढावं लागेल.

उझमा म्हणाली, राहू द्या, त्यातला सगळ्यात प्रामाणिक संदर्भ तोच असेल.

१४ ऑगस्ट, गुरुवार

गुलाम रसूल होडेकर : शून्य.
आप्पा दुर्गवळी : शून्य.

पुन्हा चालवून पाहिलं. 'होडेकर गुलाम रसूल', 'जी. आर. होडेकर', 'दुर्गवळी गुरुजी' सगळं घालून पाहिलं. शून्यच. आयुष्यभर लिहीत आलेल्या दोन माणसांचं नाव कोणी एकदाही घेतलेलं नाही. विद्यार्थ्यांनी नाही, आमच्या प्राध्यापकांनी तर नाहीच.

मला वाईट वाटलं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज शोध लागला! खरोखरचा!

कोकणच्या लोकगीतांवरच्या लिखाणात सर्वांत जास्त उल्लेख कोणाचा असेल? सॉफ्टवेअरने वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी काढली, तर पहिल्या क्रमांकावर 'काही अभ्यासक'. जिकडेतिकडे 'काही अभ्यासक'. 'काही अभ्यासकांना असे वाटते की हे गाणे समुद्रावरून शेतात आले.' 'काही अभ्यासक शेतातच अडकून पडले आहेत.' 'काही अभ्यासकांनी एकदा होडीत बसून पाहावे.' 'काही अभ्यासकांच्या पायाला चिखल लागलेला नाही, हे त्यांच्या लिखाणावरून कळते.' तीस वर्षांचे त्रैमासिकाचे अंक यानेच भरलेत.

एवढा प्रभावी गट आपल्या रत्नागिरीत होता आणि त्याची दखल कुणी घेतली नाही! गटात मतभेद असावेत, कारण त्यांची मतं कधी समुद्राच्या बाजूची असतात, कधी शेताच्या. तरी टिकून आहेत, हे विशेष.

उझमाला सांगितलं. तिने हातातला स्टॅम्प खाली ठेवला. मग म्हणाली, "शास्त्रज्ञ, तुमी मुंबईला किती वर्षं होतात?" मी म्हटलं, दहा. "तरीच," म्हणाली.

२५ ऑगस्ट, सोमवार

अंतरिम अहवाल सर्वेशभाऊंना मेल केला. शिफारस : 'काही अभ्यासक' या गटाच्या पदाधिकाऱ्यांचा शोध घेऊन त्यांना चर्चासत्रासाठी सन्मानाने बोलवावं.

शोधाला सुरुवात म्हणून होडेकर सरांना विचारलं, सर, यांच्यापैकी कोणी ओळखीचं आहे का? सर मान वर न करता म्हणाले, "ओळखतो ना. रोज बघतो. हट्टी माणूस आहे."

मग आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "हाय ना ओळखीचा. एकच हाय. इंग्रजी पुस्तकं वाचून वाया गेलेला."

म्हणजे गटात निदान दोन सदस्य आहेत आणि दोघेही अडचणीचे. चर्चासत्राला थोडा विचार करून बोलवावं लागेल.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपतीच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. उझमाला बहुधा माझी दया आली. डब्यातली खोबऱ्याची करंजी दिली आणि मी खात असताना म्हणाली, "शास्त्रज्ञ, आता पुरे झालं. सरांचे 'काही अभ्यासक' म्हंजे आप्पा. आप्पांचे 'काही अभ्यासक' म्हंजे सर. अख्ख्या कॉलेजला म्हायत हाय. शिपायाला पण."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"गणपतीपर्यंत चाललंय तर चालू दे म्हटलं. बरं चाललं होतं."

करंजी घशात अडकली. मेल परत बोलावता येत नाही. सर्वेशभाऊंनी त्यावर 'उत्तम, पुढे जा' असं उत्तरही पाठवलंय, म्हणजे त्यांनी तो वाचलेला नाही. देव पावला.

तर भांडण असं. तीस वर्षांपूर्वी आमच्या सभागृहात होडेकर सरांनी निबंध वाचला की भातलावणीच्या वेळचं एक गाणं मुळात खलाश्यांचं. श्रोत्यांतून एक मास्तर उठले आणि म्हणाले, "चूक." सरांनी विचारलं, "आपण कोण?" मास्तरांना तो अपमान वाटला. नाव न सांगता ते निघून गेले आणि घरी जाऊन त्यांनी पुस्तक लिहिलं. तेव्हापासून आजतागायत दोघे एकमेकांना ओळ न् ओळ खोडून काढतात, पण नाव घेत नाहीत.

मला एकदम चमकलं. दोघांनी एकमेकांचं नाव घातलं असतं तर दोघांचे आकडे आमच्या सगळ्या प्राध्यापकांच्या डोक्यावर गेले असते. कक्षाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

९ सप्टेंबर, मंगळवार

दोघांना वेगवेगळं गाठून सगळं समजावलं. त्रैमासिकाच्या दिवाळी अंकात एकेक लेख लिहा, नाव घ्या, पान नंबर द्या. शिव्या द्या हवं तर. सॉफ्टवेअरला शिवी आणि स्तुती यातलं काही कळत नाही, ते नुसतं नाव मोजतं. नाहीतर ही खोली जाणार.

होडेकर सर चष्मा पुसत म्हणाले, "मी त्या गृहस्थांना एकदा नाव विचारलं होतं. त्यांनी सांगितलं नाही. ज्याने स्वतःहून नाव दिलं नाही, त्याचं मी परस्पर कसं छापू? संशोधनाची काही शिस्त असते, हर्षद."

"सर, त्यांच्या प्रत्येक पुस्तकावर नाव छापलेलं आहे."

"ते प्रकाशकाने दिलं."

आप्पांचं म्हणणं असं, "नाव घेतलं म्हंजे मान दिला. आदी त्याने येऊन विचारू दे. नीट विचारलंन तर सांगेन."

"आप्पा, खोली जाईल हो."

"मंग मी काय करू? खोलीसाठी नाव घेऊ? मेलो तरी नाय."

खाली आल्यावर उझमा म्हणाली, "लग्नातली नवरी बरी. दोन वेळा आग्रह केला की नाव घेऊन मोकळी होते."

मी या माणसांचं भलं करायला निघालोय आणि हे दोघे किल्लीसाठी सुद्धा तिसरं माणूस बोलावतात. वैताग आला आज.

६ ऑक्टोबर, सोमवार

नावं मोजली जातायत ही बातमी स्टाफरूममध्ये फुटली. कोणी फोडली मला माहीत आहे, ती आत्ता समोर बसून पुस्तकांना पाठी चिकटवतेय.

आता साथच आलीय. इतिहासवाल्यांनी भूगोलवाल्यांचा संदर्भ दिला, भूगोलवाल्यांनी परतफेड केली. प्राणिशास्त्राच्या खेकड्यांवरच्या निबंधात मराठी विभागप्रमुखांच्या कवितासंग्रहाचा संदर्भ आलाय. प्राणिशास्त्रवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "खेकड्याची मानसिकता समजायला मदत झाली." विभागप्रमुख स्वतः नव्या लेखात स्वतःलाच 'एक मर्मज्ञ समीक्षक' म्हणून नावानिशी उद्धृत करतायत.

फक्त वरच्या मजल्यावर शांतता आहे. दारावर नोटीस लावली : संदर्भ न आढळल्यास दि. १ डिसेंबरपासून कक्ष रिकामा करण्यात येईल. दोघांनीही चष्मा काढून ती वाचली. आधी एकाने, तो जागेवर जाऊन बसल्यावर दुसऱ्याने.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी अंकाचा मजकूर द्यायचा शेवटचा दिवस. सकाळी आप्पांनी उझमाच्या टेबलावर जाडजूड पाकीट ठेवलं आणि न बोलता वर गेले. दुपारी होडेकर सरांनी तसंच पाकीट ठेवलं. उझमाने दोन्ही एकदम उघडली.

आप्पांच्या लेखाचं शीर्षक : 'गुलाम रसूल होडेकर यांच्या चुका.' प्रत्येक परिच्छेदात नाव, पुस्तक, पान. सरांचा लेख अशा वाक्याने सुरू होतो : 'श्री. आप्पा दुर्गवळी, मु. पो. मालगुंड, ता. जि. रत्नागिरी, यांचे म्हणणे सपशेल चुकीचे आहे.'

आम्ही दोघं टेबलावर हात आपटून हसलो. मग उझमाने लेख नीट वाचायला घेतला आणि पानं मागे-पुढे करून बघू लागली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय नाय. सरांनी आप्पांचं एवढं सगळं वाचलंन कधी?"

प्रूफ बघायला आप्पांना दिलं. पहिल्याच ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबून राहिलं. शेवटी म्हणाले, "पत्ता बरोबर हाय." बाकी प्रूफ न बघताच परत दिलं.

आता नवीन वाद सुरू झालाय की आधी नाव कोणी घेतलं. आप्पा म्हणतात, सरांनी. सर म्हणतात, आप्पांनी सकाळी पाकीट दिलं, हे उझमा सांगेल. उझमा सांगत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

अंक छापून आला. जिंकलो! सॉफ्टवेअर चालवलं, तर होडेकर पहिले, दुर्गवळी दुसरे. आमचे मर्मज्ञ समीक्षक तिसऱ्यावर घसरले आणि ग्रामदैवताच्या जेमतेम वर उरले.

अहवाल सर्वेशभाऊंना दिला. ते मनापासून म्हणाले, "आकडे आहेत ना? मग कक्ष राहील. अभ्यासिकेला दुसरी जागा बघू." फक्त नियमाप्रमाणे पुण्याच्या तज्ज्ञ डॉ. मनस्वी यांच्याकडून तपासून घ्यायचं. ते काय, हातासरशी होईल.

घरी जाताना मिरकरवाड्यावरून गेलो. सुरमई घेतली. एवढा आनंद मला स्वतःच्या प्रमाणपत्राचाही झाला नव्हता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मनस्वी मॅडमचा अहवाल आला. त्यातलं एकच वाक्य उतरवतो, बाकी लिहवत नाही.

'सदर दोन लेखक केवळ एकमेकांनाच उद्धृत करत असून, त्यांचे परस्परांच्या लेखनाचे ज्ञान असाधारण आहे. हे घनिष्ठ मैत्रीतून केलेले संगनमत असल्याचे स्पष्ट दिसते.'

मैत्री! संगनमत! फोन केला. सांगितलं, मॅडम, हे दोघे तीस वर्षं बोलत नाहीत. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हर्षद, माणसं काहीही सांगतात. आलेख बघा. अशी जवळीक मी नवरा-बायको संशोधकांच्यात सुद्धा बघितलेली नाही." संगनमताचे संदर्भ धरत नाहीत. ते वजा केले की दोघे पुन्हा शून्य.

वर जाऊन दोघांना सांगितलं. होडेकर सर उभेच राहिले. "मैत्री? या गृहस्थांशी?" आप्पा म्हणाले, "कोण बाई हाय ती? आधी तिचा पत्ता द्या."

तीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकाच वेळी एकाच गोष्टीवर एकमत झालं, ते मी पाहिलं. उझमाला सांगितलं, तर म्हणाली, हे पुण्याला कळवू नका.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मनस्वी मॅडमच्या अहवालावर सर्वेशभाऊंनी कोकण कक्षातच सुनावणी ठेवली होती, ती झाली. सगळं लिहून ठेवतो, कारण मला अजून नीट कळलेलं नाही.

सर्वेशभाऊ अध्यक्षस्थानी, मनस्वी मॅडम भिंतीवरच्या पडद्यावर, दोघे म्हातारे टेबलाच्या दोन टोकांना. सवयीने तिथेच बसले. सर्वेशभाऊंना कक्ष वाचवायचाच होता, हे मी शपथेवर सांगेन. ते म्हणाले, "सर, आप्पा, तुमचं वैर आहे एवढं मॅडमना दिसलं की पुरे."

आप्पा उठले. म्हणाले, "या माणसाने पुस्तकात काय लिवलंन बघा. 'हे गाणे म्हणजे वल्ह्याचा श्वास आहे. ते मातीत...'" आणि अडकले. पुढचं आठवेना. टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून होडेकर सर हळूच म्हणाले, "'ते मातीत रुजले, पण जन्मले नाही.'"

"हां. तेच. ते चूक हाय."

मग सर उठले. "आणि यांनी काय उत्तर दिलं ऐका. 'ज्यांनी कधी रोप हातात धरले नाही, त्यांना गाणे कुठून फुटते ते...' ते... पुढे काय आहे?"

"'...ते पुस्तकात सापडणार नाही,'" आप्पा म्हणाले. "पान दोनशे बारा. खालून तिसरी ओळ. तुमाला पाठ पायजे होतं."

"पान पाठ होतं. ओळ विसरलो."

पडद्यावरून मनस्वी मॅडम म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, मी याहून जास्त काय पुरावा देऊ?"

सर्वेशभाऊंनी कपाळाला हात लावला. मग पुढे वाकून अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, मी सोपं करतो. तुम्ही दोघांनी फक्त एक वाक्य म्हणा, 'आमची मैत्री नाही.' मी इतिवृत्तात घेतो, मॅडम संदर्भ मान्य करतील, कक्ष राहील. बास."

मी सुटकेचा श्वास टाकला. एक वाक्य, तेही शंभर टक्के खरं. तीस वर्षं जे वाक्य जगत आले, तेच म्हणायचं होतं.

होडेकर सर चष्मा पुसत बसले. आप्पा टेबलावरच्या किल्लीकडे बघत होते. सर्वेशभाऊंनी पुन्हा विचारलं, "सर?" सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान खाली घातली. उझमा दाराशी उभी होती, ती मला नुसती हाताने गप्प बस म्हणत होती. मी बोलतच नव्हतो.

"आप्पा?"

आप्पा म्हणाले, "फुडचा विषय घ्या."

"अहो, पण कक्ष..."

"खोली घे, सर्वेश," होडेकर सर म्हणाले. "पोरं जिन्यात बसतात. त्यांना कशाला ताटकळत ठेवतोस?"

झालं. इतिवृत्तात 'संगनमत मान्य' असं गेलं.

मला भयंकर राग आला. एवढी खटपट केली, एका वाक्याने खोली वाचत होती आणि ऐन वेळी यांनी तोंड मिटलं! तीस वर्षं हट्ट केला तो केला, आज कसला हट्ट? उझमाला विचारलं, तर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमी ना शास्त्रज्ञ, अगदीच हे आहात." म्हणजे काय ते सांगितलं नाही.

संध्याकाळी एसटी स्टँडवर दोघे दिसले. आप्पा मालगुंडच्या गाडीची वाट बघत उभे होते. शेजारी होडेकर सर. बोलत काही नव्हते. सरांचं घर तर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यांना कुठली गाडी हवी होती कळलं नाही. गाडी आली, आप्पा चढले, आणि सर चालत घरी गेले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नेमणूक कायम झाल्याचं पत्र मिळालं. 'निःपक्षपाती अहवालाबद्दल' असं त्यात लिहिलंय. आईने पेढे वाटले. मी एक खाल्ला, पण गोड लागला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कक्ष रिकामा केला. बाद झालेली पुस्तकं देणगीदारांना परत करायची, असं ठरलं. होडेकर सरांनी मिरकरवाड्याहून बर्फाचा टेम्पो आणला होता. पुस्तकांना माशांचा वास लागेल म्हणून मी कुरकुर केली. सर म्हणाले, "खलाश्यांची गाणी आहेत. त्यांना चालेल."

आप्पांची पुस्तकं मालगुंडला पाठवायची होती. आप्पा म्हणाले, घरी वाळवी आहे, तिकडे नकोत. मग कुठे? आप्पा टेम्पोकडे बघत राहिले. शेवटी होडेकर सर ड्रायव्हरला म्हणाले, "त्यांचीही घाल. माझी पडवी मोठी आहे."

"माझी भाताची हायत," आप्पा म्हणाले. "त्यांना मासळीचा वास नको."

"वर ठेवू."

एकमेकांशी थेट बोलले, हे गाडी निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. वाळवीचं मात्र मला खरं वाटत नाही. गौरीच्या दिवसांत मी आप्पांच्या घरी जाऊन आलो होतो. लख्ख घर आहे.

रिकाम्या खोलीत उझमा झाडू मारत होती. कोपऱ्यात तिसऱ्या कपाटाची किल्ली सापडली. ती आता कुठल्याच कपाटाला लागत नाही, तरी तिने पर्समध्ये टाकली.

१५ डिसेंबर, सोमवार

अभ्यासिका सुरू झाली. मुलं शिस्तीत बसतात, पंखे चार झालेत. खरं सांगायचं तर खोलीचा उपयोग वाढलाय. तरी वर गेलो की दाराकडच्या टोकाला नजर जाते. तिथे बँकेच्या परीक्षेचा एक मुलगा बसतो. चांगला मुलगा आहे, पण मला त्याचा उगाच राग येतो.

जानेवारीच्या अंकासाठी दोघांचे लेख आणायला मिरकरवाड्याला गेलो. मासळीचा लिलाव आटोपला होता, रस्ताभर बर्फाचं पाणी. होडेकर सरांच्या पडवीत भिंतीभर पुस्तकं, मधे एक लांब टेबल. समुद्राकडच्या टोकाला सर, रस्त्याकडच्या टोकाला आप्पा. कसलीशी ओळ कोणी आधी लिहून ठेवली, यावरून जुंपली होती. मी आलोय याची दोघांपैकी कुणीही दखल घेतली नाही.

सरांच्या पत्नी मैमुनाभाभी आतून चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "ये बाबा, बस. सकालपासून ह्यांचं हे असंच चाललाय. मालगुंडची पहिली गाडी आली की सुरू. एकाची चाय संपली की दुसऱ्याला पायजे. मी म्हटलं, एकदम संपवा, तर त्यावर पण भांडण." मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "रविवारी गाडी उशिरा येते ना, तर हे दारात जाऊन उभे."

लेख घेऊन आलो आणि सवयीने सॉफ्टवेअरमध्ये घातले. दोघांनी धडा घेतलाय. नाव नाही, पत्ता नाही, पान नंबर नाही. पुन्हा पहिल्यासारखे 'काही अभ्यासक'. 'काही अभ्यासक अजून सुधारलेले नाहीत.' 'काही अभ्यासकांना कालच समजावून सांगितले, पण व्यर्थ.' सॉफ्टवेअरने नावं शोधली. होडेकर शून्य, दुर्गवळी शून्य.

पण यादी रिकामी नव्हती. दोन्ही लेखांत शेवटी, एकमेकांपासून लपवून लिहिल्यासारखी, एकेक ओळ होती. सरांची : 'या लेखासाठी लागलेला चहा मैमुना होडेकर यांनी केला.' आप्पांची : 'या लेखासाठी लागलेला चहा मैमुनाभाभी होडेकर यांनी केला, साखर कमी होती.'

उझमा हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मीही हसलो, आणि मग मला एकदम कळलं, त्या दिवशी त्या एका वाक्याला दोघं का अडले ते. उशीर झाला, पण कळलं. उझमाला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, तरीच.

नियमाप्रमाणे यादी मनस्वी मॅडमना पाठवली. या तिमाहीत कोकणच्या लोकगीतांवरच्या लिखाणात सर्वाधिक उद्धृत व्यक्ती : मैमुना होडेकर. तासाभरात मॅडमचं उत्तर आलं, नाव नवीन दिसतं, संगनमत आढळत नाही, नोंद मान्य. फक्त यांची संस्था कोणती ते कळवा.

मी लिहिलं : कोकण कक्ष, मिरकरवाडा.